हिवाळी फ्लाय फिशिंग (स्थिर पाण्यातील)

तलाव, जलाशय किंवा खोदीव तळ्यात साधारणतः नोव्हेंबर ते मार्च या काळात ट्राउट मासा 'फ्लाय'ने धरण्याचा छंद. फ्लाय म्हणजे गळाभोवती पिसे, लोकर, केस किंवा बारीक तार गुंडाळून केलेले कीटकसदृश आमिष. ते वजनाला जवळजवळ काहीच नसते. म्हणून फेकायची ती जाड, वजनदार दोरी. फ्लाय तिच्यामागून जाते. या प्रकाराची घडण प्रामुख्याने इंग्लंडमधील जलाशयांवर झाली आणि ही नोंदही मुख्यतः तेथलीच आहे.

फ्लायच्या प्राचीनत्वाविषयी बरीच चर्चा झाली आहे. ईलियन हा रोमन लेखक (सु. इ. स. २००) मॅसिडोनियातील अ‍ॅस्ट्रीअस नदीवरच्या मासेमारीचे वर्णन करतो. गळाला लाल लोकर गुंडाळायची आणि तिच्यावर कोंबड्याच्या गळ्याच्या लोंबत्या कातडीखालची, मेणाच्या रंगाची दोन पिसे बांधायची. याहून जुना दाखला म्हणून मार्शल या रोमन कवीची एक ओळ पुढे केली जाते. तीत 'स्कारुस' मासा 'मुस्का'ला (माशीला) फसतो असे काही वाचतात, तर काही त्याजागी 'मुस्को' (शेवाळ) असा पाठ घेतात. स्कारुस हा समुद्रातला शेवाळखाऊ मासा असल्याने दुसरा पाठ अधिक सयुक्तिक वाटतो. काहीही असले तरी हे दाखले नदीचे वा समुद्राचे आहेत; तलावातल्या हिवाळी पद्धतीशी त्यांचा धागा फार लांबून जुळतो.

तिचा जवळचा इतिहास पाणीपुरवठ्याचा आहे. ब्रिस्टल शहरासाठी बांधलेल्या ब्लॅग्डन तलावावर १९०४ मध्ये मासेमारी सुरू झाली. पुढे च्यू व्हॅली (१९५६), ग्रॅफम (१९६६) आणि सुमारे १२.६ चौ. किमी. विस्ताराचे रटलंड हे जलाशय आले. ब्लॅग्डनवर दोन महायुद्धांच्या दरम्यान डॉ. हॉवर्ड बेल यांनी माशांच्या पोटातील अन्न तपासून त्याबरहुकूम फ्लाय बांधल्या. चिलटासारख्या एका कीटकाच्या कोशाची नक्कल करणाऱ्या 'बझर' फ्लायचे जनकत्व सामान्यतः त्यांना दिले जाते. आयर्लंडच्या सरोवरांवर त्याच कीटकासाठी 'डकफ्लाय' हे नाव आणि 'ब्ले अँड ब्लॅक' ही फ्लाय रूढ आहे. त्यामुळे कल्पना सर्वस्वी नवी नसावी, बेल यांनी तिला निरीक्षणाची बैठक दिली, असे म्हणणे अधिक सावध ठरेल.

या जलाशयांचा मूळ हंगाम उन्हाळी होता. युरोपचा मूळचा तपकिरी ट्राउट (साल्मो ट्रुटा) शरद ऋतूच्या अखेरीस व हिवाळ्यात अंडी घालतो. त्या काळात कायदा त्याला संरक्षण देतो. तारखा प्रदेशानुसार बदलतात. हिवाळी मासेमारी उभी राहिली ती उत्तर पॅसिफिकच्या किनारी प्रदेशातून आणलेल्या इंद्रधनुषी ट्राउटवर (ओंकोऱ्हिंकस मायकिस; १९८९ पर्यंत साल्मो गेर्डनेरी). इंग्लंड-वेल्सच्या १९७५ च्या मत्स्यकायद्याने ट्राउटच्या बंद हंगामातून त्याला वगळले आहे. ब्रिटनमध्ये त्याची अंडी १८८० च्या दशकाच्या मध्यास आली. मूळ पैदास कॅलिफोर्नियातील मॅक्‌क्लाउड नदीची, असे जुने ग्रंथ सांगतात. तथापि तेथे गोळा केलेल्या अंड्यांत समुद्रात जाऊन परतणाऱ्या स्टीलहेड ट्राउटचीही अंडी मिसळली असावीत, हे मत अधिक ग्राह्य दिसते. ब्रिटिश पाण्यात हा मासा स्वतःहून क्वचितच टिकतो. डर्बीशरमधील वाय नदी हा नेहमी दिला जाणारा अपवाद. इतरत्र त्याची वंशवाढ का होत नाही याबद्दल एकमत नाही. म्हणून तळी दर काही आठवड्यांनी संवर्धनकेंद्रातल्या माशांनी भरावी लागतात.

यात एक अडचण होती. संवर्धनकेंद्रातील वाण शरदापासूनच विणीला येतात. नर काळवंडतो, त्याचा खालचा जबडा आकड्यासारखा वळतो. मादीचे पोट अंड्यांनी तटतटते आणि मांस बेचव होते. असा मासा जानेवारीत गळाला लागून कोणाला आनंद होत नाही. त्यावरचा तोडगा त्रिगुणित मासा. फलनानंतर काही मिनिटांनी अंड्यांना उष्णतेचा किंवा दाबाचा धक्का दिला की जो गुणसूत्रसंच एरवी बाहेर टाकला गेला असता तो आतच राहतो आणि पिलात दोनाऐवजी तीन संच येतात. अशा मादीचे अंडाशय वाढत नाही. त्रिगुणित नर मात्र वांझ असूनही विणीचा रंग धारण करतो, म्हणून निव्वळ माद्या हव्यात. त्यासाठी काही मादी पिलांना नर-संप्रेरक देऊन नराचे रूप दिले जाते. त्यांच्या शुक्रजंतूंत फक्त एक्स गुणसूत्र असल्याने सारी संतती मादी निपजते. संप्रेरक दिलेले मासे तळ्यात सोडत नाहीत, त्यांची संतती सोडतात. हिवाळ्यात चंदेरी, टणक मासा मिळतो तो या खटाटोपामुळे.

पाण्याची घनता ४° से.ला सर्वाधिक असते. कडाक्याच्या शांत थंडीत पृष्ठभाग त्याखाली उतरतो आणि तळाचे पाणी तुलनेने उबदार राहते. वारा असला की सारे थर मिसळतात. गार पाण्यात प्राणवायू भरपूर विरघळतो (५° से.ला लिटरमागे सुमारे १२.८ मिग्रॅ., २०° से.ला ९.१ मिग्रॅ.), पण माशाचा चयापचय मंदावतो. तो खातो, पण पाठलाग करत नाही. बहुतेक कीटक या दिवसांत दिसेनासे होतात. उरतात ते मुख्यतः कायरोनोमिडी कुळातले न चावणारे चिलटासारखे कीटक. त्यांच्या काही जातींची अळी हिमोग्लोबिनमुळे लालभडक असते आणि चिखलात अल्प प्राणवायूवर जगते. तिचा कोश उबदार दुपारी पृष्ठभागाकडे चढतो व तेथे लोंबकळतो. बझर ही त्या कोशाची नक्कल आहे. वाकड्या गळावर काळा धागा, त्यावर चांदीच्या तारेचे वेढे, डोक्याशी नारिंगी ठिपके आणि वरून घट्ट वॉर्निश. त्या गुळगुळीतपणाने ती सुईसारखी बुडते.

अशा दोन-तीन फ्लाय साडेचार ते सहा मीटर पारदर्शक धाग्यावर बांधून तरंगत्या दोरीने टाकतात आणि वाऱ्यावर वाहू देतात. दोरी ओढायची ती बोटांत इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी गुंडाळत, सावकाश. पारा शून्याखाली गेला की दोरीबरोबर आलेले थेंब मासेमारीच्या काठीवरील कड्यांत गोठतात आणि दोरी अडकते. मग काठीचे टोक पाण्यात बुडवून बर्फ सोडवावा लागतो. काठावरच्या पाण्याची ऊब तेव्हा कळते.

'बूबी' ही फोमचे दोन फुगीर डोळे असलेली तरंगणारी फ्लाय. बुडत्या दोरीला आखूड धाग्याने लावली की ती तळापासून थोडी वर उभी राहते. स्थिर ठेवल्यास मासा ती खोल गिळतो, म्हणून मासा परत सोडण्याचा नियम असलेल्या काही तळ्यांवर तिला मनाई आहे. ही मनाई योग्यच म्हणावी लागेल.

भारतात काश्मीर, हिमाचल, निलगिरी आणि मुन्नार येथे ब्रिटिश काळात ट्राउट आणला गेला. गंगाबलसारखी काश्मिरी सरोवरे हिवाळ्यात गोठतात. निलगिरीतील अ‍ॅव्हलांच परिसरातल्या जलाशयांत इंद्रधनुषी ट्राउट आहे. सह्याद्रीतील जलाशयांचे पाणी उन्हाळ्यात ट्राउटला सोसण्यापलीकडे तापते. लोणावळ्याजवळ वळवण येथील संवर्धनकेंद्रही ट्राउटचे नसून महसीर या माशाचे आहे.