स्वार गेला, घोडा राहिला

मुंबईत रीगल सिनेमाकडून विद्यापीठाच्या दिशेने निघालं की काळा घोडा लागतो. तिथल्या घोड्याच्या पाठीवर कुणीही बसलेलं नाही. २०१७ साली हा घोडा घडवताना शिल्पकार श्रीहरी भोसले यांनी स्वार घेतलाच नाही, आणि ते योग्यच झालं.

मूळ पुतळा १८७९ चा. पुढे सातवा एडवर्ड म्हणून गादीवर आलेला इंग्लंडचा युवराज नोव्हेंबर १८७५ मध्ये मुंबईला आला होता. त्या भेटीची आठवण म्हणून अल्बर्ट ससून यांनी जोसेफ एडगर बोमकडून हा अश्वारूढ पुतळा करवून घेतला. देणाऱ्याच्या लेखी पुतळ्याचा विषय होता युवराज. मुंबईकरांनी मात्र नाव दिलं घोड्याला. १९६५ मध्ये पुतळा तिथून हलवला, जागेवर मोटारी उभ्या राहू लागल्या, तरी पत्ता सांगताना ‘काळा घोडा’च. बावन्न वर्षं तिथे ना घोडा होता ना स्वार. होतं ते फक्त लोकांनी दिलेलं नाव.

राणी व्हिक्टोरियाच्या संगमरवरी पुतळ्याचं नशीब वेगळं. १८७२ चा तो पुतळा मॅथ्यू नोबलने घडवलेला आणि बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी शहराला दिलेला. म्हणजे राजनिष्ठेचा खर्च इथल्याच संस्थानिकाने उचललेला! १८९६ मध्ये दामोदर चापेकरांनी त्याला डांबर फासलं, गळ्यात चपलांची माळ घातली. त्यानंतर त्या दगडाकडे पूर्वीच्या नजरेने पाहणं कुणालाच जमलं नसेल.

फ्लोरा फाउंटनला मात्र मुंबईने काही हटवलं नाही. १८६४ चं ते कारंजं, वर फ्लोरा ही रोमन पुष्पदेवता. २१ नोव्हेंबर १९५५ ला याच परिसरात संयुक्त महाराष्ट्रासाठी निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला, माणसं मेली. राज्य झाल्यावर फ्लोराच्या शेजारीच शेतकरी आणि कामगार मशाल धरून उभे राहिले. चौकाचं नाव हुतात्मा चौक झालं. शहरातलं सगळ्यात अर्थपूर्ण शिल्प मला हेच वाटतं. एकाच चौकात साहेबाच्या मुंबईचं कारंजं आहे आणि ही मुंबई आपली म्हणून जीव दिलेल्यांचं स्मारकही. २६ जानेवारी १९६१ ला गेटवेसमोर शिवाजी महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याचं अनावरण झालं, तेही याच लाटेतलं.

जागेवरून उठवलेला युवराज आणि राणी, दोघेही भायखळ्याला राणीच्या बागेच्या आवारात गेले. तिथे भाऊ दाजी लाड संग्रहालयाजवळ एक दगडी हत्ती आहे. तो मूळचा घारापुरीचा. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. १८६४ मध्ये विलायतेला नेण्याच्या खटपटीत तो फुटला, नंतर तुकडे जुळवून उभा केला. बेटावर आता हत्ती नाही, पण लाँचवाले अजून ‘एलिफंटा’ म्हणूनच हाक देतात.