चार फोल्डर, इतिहास एकच: रेपोच्या प्रतींमध्ये जागा वाचवण्यामागची गोष्ट

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये मुंबई-पुण्याहून गावी आलेले काही प्रोग्रॅमर कोकणातच राहिले. रत्नागिरी, कुडाळ, सावंतवाडीकडे घरी बसून बाहेरच्या कंपनीचं काम करणारा माणूस आता नवलाचा राहिलेला नाही. अशा माणसाच्या लॅपटॉपवर २५६ जीबीची एसएसडी असते आणि तिच्यात एकाच प्रोजेक्टचे चार फोल्डर असतात. एकात चालू काम, दुसऱ्यात ग्राहकाकडे चालणारी जुनी आवृत्ती, तिसऱ्यात सहकाऱ्याचा कोड तपासायला घेतलेला, आणि चौथ्याचं नाव ‘टेस्ट२_नवीन’, तो कशाला केला होता ते कुणालाच सांगता येत नाही. चारही वेळा सर्व्हरवरून गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) वापरून क्लोन, म्हणजे पूर्ण नक्कल, केलेलं, त्यामुळे प्रोजेक्टचा सगळा इतिहास डिस्कवर चार वेळा. डिस्क भरली की आधी गणपतीतले व्हिडिओ उडतात. रेपोकडे, म्हणजे प्रोजेक्टच्या इतिहासासकट साठ्याकडे, लक्ष जातं ते सगळ्यात शेवटी.

जागा वाचवायच्या युक्त्या पुष्कळ आहेत. त्या वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या गरजांपोटी आल्या, पण एक व्यवहार सगळ्यांत सारखा आहे: प्रत जितकी हलकी, तितकी ती दुसऱ्या कशावर तरी टेकलेली. कशावर टेकायचं, एवढंच गेल्या पन्नास वर्षांत बदलत गेलं.

सुरुवातीला प्रतींचा प्रश्न नव्हताच, प्रश्न आवृत्त्यांचा होता. १९७२ मध्ये बेल लॅब्समध्ये मार्क रॉचकाइंड यांनी आवृत्त्या सांभाळणारं एससीसीएस लिहिलं. एका फाइलच्या सगळ्या आवृत्त्या त्यात एकाच फाइलमध्ये विणलेल्या असत. प्रत्येक ओळ एकदाच, आणि ती कुठल्या आवृत्तीत आली, कुठल्या आवृत्तीत गेली याच्या खुणा सोबत. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला पर्ड्यू विद्यापीठात वॉल्टर टिची यांनी त्याच कामासाठी आरसीएस केलं. त्यांनी ताजी आवृत्ती अखंड ठेवली आणि जुन्या आवृत्त्यांसाठी फक्त उलटे फरक साठवले. माणसाला बहुतेक वेळा आजचीच फाइल हवी असते, त्यामुळे हा हिशेब बरोबर बसला. पुढे आलेल्या सीव्हीएसनं हाच साठा मध्यवर्ती सर्व्हरवर नेला. प्रोग्रॅमरच्या मशिनवर फक्त आजच्या फाइली आणि थोडी नोंद राही. दहा प्रती घेतल्या तरी इतिहास एकच, तोही दुसऱ्याच्या डिस्कवर. फक्त काल काय बदललं एवढं बघायलासुद्धा नेटवर्क लागायचं.

सबव्हर्जन या पुढच्या साधनानं ही अडचण ओळखली. त्याची १.० आवृत्ती फेब्रुवारी २००४ मध्ये आली. प्रत्येक फाइलची एक अस्पर्श प्रत ते ‘.एसव्हीएन’ नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये ठेवत असे. त्यामुळे फरक बघणं आणि बदल मागे घेणं सर्व्हरला न विचारता जमू लागलं, पण डिस्कवर सगळं दुप्पट झालं. शिवाय हा लपलेला फोल्डर प्रत्येक उपफोल्डरमध्ये असायचा. ऑक्टोबर २०११ च्या १.७ आवृत्तीत तो मुळाशी एकच राहिला, आणि सारखा मजकूर असलेल्या फाइलींची अस्पर्श प्रतही एकच ठेवली जाऊ लागली. तोवर सगळ्यांचं लक्ष गिटकडे वळलेलं होतं.

गिटआधी थोडं लिनक्स कर्नलकडे, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे, वळायला हवं, कारण प्रतींची खरी चणचण तिथं होती. कर्नलवर काम करणाऱ्याला मूळ झाड (कोडच्या फोल्डरांचा सगळा पसारा), स्वतःचं झाड आणि दुसऱ्या कुणाच्या पॅचचं, म्हणजे सुचवलेल्या बदलांचं, झाड अशी अनेक झाडं शेजारी शेजारी लागत. प्रत्येकाची खरी कॉपी करण्याऐवजी काही जण हार्ड लिंकची कॉपी करत. युनिक्समध्ये एकाच फाइलला दोन नावं देता येतात, मजकूर डिस्कवर एकदाच राहतो. हजारो फाइलींचं झाड काही सेकंदांत आणि जवळपास फुकटात तयार होई. धोका एकच, पण मोठा: एडिटरनं नवी फाइल लिहून जुनीच्या जागी ठेवली तर ठीक, जुन्या फाइलमध्येच लिहिलं तर सगळ्या झाडांत एकदम बदल. कुठला एडिटर काय करतो हे ज्याला माहीत, त्यानंच या वाटेला जावं.

एप्रिल २००५ मध्ये कर्नलचा कोड सांभाळणाऱ्या बिटकीपर या साधनाची फुकट वापराची परवानगी कर्नलसाठी बंद झाली आणि लिनक्सचे जनक लिनस टॉर्वाल्ड्स यांनी गिट लिहायला घेतलं. गिटमध्ये प्रत्येक फाइलचा मजकूर त्याच्या एसएचए-१ बेरजेच्या, म्हणजे मजकुरावरून गणितानं काढलेल्या ठशासारख्या आकड्याच्या, नावानं साठवला जातो. नाव मजकुरातूनच निघतं, त्यामुळे तोच मजकूर दुसऱ्यांदा साठवायचं कारण उरत नाही. ही कल्पना गिटची स्वतःची म्हणता येणार नाही. बेल लॅब्समध्येच घडलेल्या व्हेन्टी या संग्रहप्रणालीनं २००२ मध्ये हेच केलं होतं, आणि मोनोटोन नावाचं व्हर्जन कंट्रोलही त्याच रस्त्यानं चाललं होतं. सुरुवातीच्या गिटमध्ये फाइलमध्ये एक स्वल्पविराम बदलला तरी अख्खी फाइल नव्यानं दाबून ठेवली जाई. पॅकफाइल आली ती थोड्या महिन्यांनी. सारख्या दिसणाऱ्या वस्तू शेजारी ठेवून त्यांचे फक्त फरक साठवायचे, मग त्या एकाच फाइलच्या आवृत्त्या असोत वा नसोत. आरसीएसचं जुनं शहाणपण गिटमध्ये असं मागच्या दारानं आलं.

आपल्या विषयाला मात्र गिटचा दुसराच गुण उपयोगी पडला. साठवलेली वस्तू पुन्हा कधीच बदलत नाही. कर्नलवाल्यांना हार्ड लिंकमध्ये जी भीती होती ती इथं उरत नाही. त्यामुळे एकाच डिस्कवरच्या रेपोचा, त्याचा मार्ग देऊन, क्लोन केला की गिट आपणहून इतिहासाच्या फाइलींना हार्ड लिंक करतं. लॅपटॉपवर प्रोजेक्ट आधीच असताना नेटवरून पुन्हा ओढणारे बघितले की वाईट वाटतं. शेजारच्या फोल्डरवरून क्लोन करून नंतर फक्त रिमोटचा, म्हणजे सर्व्हरवरच्या रेपोचा, पत्ता बदलायचा असतो. या बचतीला एक गळती आहे. दोन्ही रेपोंत पुढे कधी सफाई होऊन वस्तू नव्यानं बांधल्या गेल्या की प्रत्येकाची पॅकफाइल वेगळी होते, आणि वाचलेली जागा हळूहळू परत जाते.

ही गळती ज्यांना नको त्यांच्यासाठी ‘शेअर्ड’ आणि ‘रेफरन्स’ हे पर्याय आहेत. नवा रेपो स्वतःजवळ जुन्या वस्तू ठेवतच नाही. ‘अल्टरनेट्स’ नावाच्या छोट्या फाइलमध्ये फक्त शेजारच्या साठ्याचा पत्ता लिहितो. हा प्रकार आपल्याकडच्या सामाईक विहिरीसारखा आहे: पाणी सगळ्यांचं, जमीन एकाची, आणि त्यानं विहीर बुजवली तर तक्रार कुणाकडे करणार? मूळ रेपोत एखादी ब्रँच, म्हणजे कामाची वेगळी फांदी, उडवली की तिच्या वस्तू तिथल्या दृष्टीनं बेवारस होतात, आणि नेहमीच्या सेटिंगनुसार दोन आठवड्यांहून जुन्या बेवारस वस्तू सफाईत जातात. शेजारचा रेपो त्याच वस्तूंवर उभा असतो, हे मूळ रेपोला माहीतच नसतं. गिटच्या अधिकृत माहितीत या पर्यायापुढे धोक्याची सूचना आहे आणि ती शोभेसाठी नाही. पुढे ‘डिसोसिएट’ची सोय आली: शेजाऱ्याकडून घ्यायचं, पण क्लोन पुरा होताच सगळं स्वतःकडे कॉपी करून मोकळं व्हायचं. यात नेटवर्क वाचतं, डिस्क वाचत नाही.

सामाईक साठ्याचा सर्वांत मोठा वापर आपल्या मशिनवर दिसत नाही, तो गिटहब या गिट रेपो ठेवणाऱ्या संकेतस्थळावर होतो. एखाद्या लोकप्रिय प्रोजेक्टचे हजारो फोर्क, म्हणजे इतरांनी आपापल्या खात्यात घेतलेल्या प्रती, असतात. प्रत्येकाला पूर्ण साठा दिला तर धंदा बुडेल, म्हणून एका फोर्क-कुटुंबाच्या वस्तू एकत्र राहतात. त्याचा विचित्र परिणाम ऑक्टोबर २०२० मध्ये जगानं पाहिला. कॉपीराइटच्या तक्रारीवरून यूट्यूब-डीएल हा व्हिडिओ उतरवून घेण्याचा प्रोजेक्ट गिटहबवरून उतरवला गेला, आणि थोड्याच दिवसांत त्याचाच कोड गिटहबच्या स्वतःच्या, अशा तक्रारी प्रसिद्ध करणाऱ्या रेपोच्या पत्त्याखाली दिसू लागला. कुणीतरी फोर्क करून त्यात कमिट, म्हणजे नोंदवलेला बदल, टाकलं होतं. साठा एकच असल्यानं ते मूळ रेपोच्या पत्त्यावरूनही उघडत होतं.

घरच्या लॅपटॉपसाठी नेमका उपाय यायला २०१५ उजाडलं. त्याआधी गिटसोबत ‘न्यू-वर्कडिर’ नावाची एक स्क्रिप्ट मिळायची. ती सिमलिंक (मूळ फोल्डरकडे बोट दाखवणारी नावं) लावून दुसरा फोल्डर त्याच इतिहासावर उभा करे. काम भागायचं, पण दोन फोल्डरांत एकच ब्रँच उघडी राहिली आणि एकात कमिट केलं की दुसऱ्यातलं चित्र उलटंपालटं दिसे. जुलै २०१५ च्या गिट २.५ मध्ये ‘वर्कट्री’ आलं. इतिहास एक, ब्रँचची यादी एक, फोल्डर हवे तितके, आणि एकच ब्रँच दोन ठिकाणी उघडायला गिट स्वतःच नकार देतं. सफाईच्या वेळी सगळ्या फोल्डरांचा विचार होतो, त्यामुळे विहीर बुजायची भीती नाही. वर्कट्री पेन ड्राइव्हवर असेल तर ‘लॉक’ करण्याचीही सोय आहे, म्हणजे ड्राइव्ह काढलेला असताना गिट तिला मेलेली समजून तिची नोंद पुसत नाही. वर सांगितलेल्या चार फोल्डरांपैकी तीन खरं तर वर्कट्रीच असायला हवेत. कित्येक वर्षं ही आज्ञा फारशी कुणी वापरली नाही, याचं मला कोडं आहे.

दुसरा प्रवाह इतिहासच कमी आणण्याचा. ‘डेप्थ’ देऊन शेवटच्या थोड्या कमिटपुरता उथळ क्लोन गिटमध्ये २००७ पासून आहे. पण अशा क्लोनवरून पुश करणं, म्हणजे आपले बदल सर्व्हरवर पाठवणं, वगैरे नीट जमायला २०१४ ची १.९ आवृत्ती यावी लागली. नंतर पार्शल क्लोन आला: कमिट सगळे घ्यायचे, फाइलींचा जुना मजकूर लागेल तेव्हा सर्व्हरकडून मागवायचा. यामागचा रेटा मोठ्या कंपन्यांचा होता. मायक्रोसॉफ्टनं २०१७ मध्ये विंडोजचा कोड गिटवर आणला तेव्हा तो सुमारे ३०० जीबीचा रेपो होता, ३५ लाख फाइली. त्यांना क्लोन हा शब्दच परवडणारा नव्हता.

कोकणात या दोन पर्यायांचं वजन वेगळं पडतं. गिटचा क्लोन मध्येच तुटला तर पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. पावसाळ्यात लाइट गेली, राउटर बंद झाला, की दोन जीबी ओढलेले पाण्यात. उथळ क्लोन करून इतिहास हप्त्याहप्त्यानं वाढवत नेणं इथं खरंच शहाणपणाचं. नाहीतर शहरातल्या मित्राकडून ‘बंडल’, म्हणजे रेपोचा इतिहास एकत्र बांधलेली एक फाइल, करून घ्यायची आणि पेन ड्राइव्हवर आणायची. ही सोयही २००७ पासूनची आहे आणि रेंजची वाट बघत नाही. पार्शल क्लोनचं मात्र उलट. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर आलं, आणि त्यानंतर दापोली-मंडणगडकडे कित्येक गावांत दिवसेंदिवस वीज नव्हती, फोनही नव्हते. अशा दिवसांत जनरेटरवर लॅपटॉप चालेल, पण ‘ही ओळ कुणी लिहिली’ असं पार्शल क्लोनला विचारलं की तो सर्व्हर शोधत बसणार.

इथं बॅकअपचाही घोळ आहे. २२ जुलै २०२१ ला चिपळूणच्या बाजारपेठेत तळमजले बुडाले. त्या पाण्यात मशिन सापडलं तर त्यावरच्या चार पूर्ण क्लोनची किंमत शून्य आणि चार वर्कट्रींचीही शून्य. म्हणून एकाच डिस्कवरच्या जादा प्रतींना सुरक्षितता समजून जागा अडवण्यात अर्थ नाही. त्या जोडून टाकाव्यात आणि एक पूर्ण, कुणावरही न टेकलेली प्रत दुसऱ्या गावी असावी.

आता शेवटचा टेकू फाइलसिस्टिमचा, म्हणजे डिस्कवर फाइली मांडणाऱ्या व्यवस्थेचा. ॲपलचं एपीएफएस २०१७ मध्ये आलं. लिनक्सवर बीटीआरएफएस आणि एक्सएफएस आहेत. यांवर कॉपी केलेली फाइल मूळ फाइलच्याच जागेवर उभी राहते, आणि कुणी बदल केला की तेवढाच भाग वेगळा होतो. हार्ड लिंकची बचत मिळते, तिचा धोका नाही. हे महत्त्वाचं आहे, कारण आजच्या बऱ्याच प्रोजेक्टांत जागा इतिहास खात नाही, ‘नोड मॉड्यूल्स’ (जावास्क्रिप्ट प्रोजेक्टला लागणारी, इतरांनी लिहिलेली पॅकेजं) आणि बिल्डचे फोल्डर खातात, आणि वर्कट्री त्यांना हातही लावत नाही. पीएनपीएम हे पॅकेजं बसवणारं साधन त्यासाठीच आहे. पॅकेजं एका साठ्यात एकदाच ठेवतं, आणि फाइलसिस्टिमला तशी कॉपी जमत असेल तर ती करतं, नाहीतर हार्ड लिंक. आपल्याकडचे बहुतेक लॅपटॉप विंडोजचे, म्हणजे एनटीएफएस, आणि एनटीएफएसला तशी कॉपी येत नाही. तिथं हार्ड लिंकच मिळणार. तेव्हा ‘नोड मॉड्यूल्स’मध्ये शिरून एखादी ओळ हातानं बदलायची सवय असेल, तर आधी ती सोडायची आणि मग पीएनपीएम लावायचं.