उंदरांची वंशावळ: वहीतून डेटाबेसमध्ये

प्रयोगशाळेतल्या उंदरांचा हिशेब संगणकाच्या कितीतरी आधी सुरू झाला. अमेरिकी जनुकशास्त्रज्ञ सी. सी. लिटल यांनी १९०९ मध्ये सख्ख्या भावंडांच्या जोड्या लावून डीबीए हा वाण घडवायला घेतला. असा वाण शुद्ध ठरायला सलग २० पिढ्या भाऊ-बहिणींची वीण लागते. मध्ये एक जोडी चुकली की आधीची वर्षं वाया. म्हणून वंशावळीची वही जिवापाड जपली जायची.

शुद्ध वाणात पिंजऱ्यातले सगळे उंदीर जवळपास सारखेच. त्यामुळे पिंजऱ्यावरच्या कार्डावर वाण, जन्मतारीख, आई-बाप आणि संख्या एवढं लिहिलं की भागायचं. १९८९ मध्ये ठरावीक जनुक बंद केलेले नॉकआउट उंदीर आले आणि हे गणित मोडलं. आता एकाच विणीतलं प्रत्येक पिल्लू वेगळं! प्रत्येकाला क्रमांक द्या, कानाचा किंवा शेपटीचा तुकडा घ्या, पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवून जनुक ओळखणारी चाचणी) करा. आई-बाप दोघांतही जनुकाची एकच प्रत बदललेली असेल, तर दोन्ही प्रती बदललेलं पिल्लू चारात एक निघतं. वेगवेगळ्या गुणसूत्रांवरची दोन जनुकं हवी असतील तर सोळात एक. एका विणीला पिल्लं सहा-आठ. म्हणजे नको असलेल्यांचीच गर्दी, आणि पिंजऱ्याचं भाडं रोज चालू.

बहुतेकांनी मग एक्सेल धरलं. ते का फसतं? एकच स्तंभ सॉर्ट झाला की क्रमांक एकाचा, जीनोटाइप (जनुक-चाचणीचा निकाल) दुसऱ्याचा. ओळखीसाठी कानाला पाडलेल्या खाचांचे क्रमांक फिरून वापरले जातात, शिवाय भांडणात कान फाटतात. 'सेप्ट२' या जनुकाची तर एक्सेल थेट तारीख करून टाकतं. या छळापायी २०२० मध्ये मानवी जनुकांची अशी नावंच बदलावी लागली.

डेटाबेस आले ते या पार्श्वभूमीवर. म्युनिकच्या जर्मन माउस क्लिनिकचा माउसडीबी २००८ चा, जॅक्सन प्रयोगशाळेचा जेसीएमएस २०१० चा. दोन्हींत पिंजरा, प्राणी आणि जोडी यांच्या नोंदी वेगळ्या ठेवून एकमेकींना जोडलेल्या असतात. आमच्या मते सगळ्यात उपयोगी पडते ती मात्र डेटाबेसने वेळेवर करून दिलेली साधी आठवण. मादी प्रसूतीनंतर २४ तासांत पुन्हा गाभण राहू शकते, गर्भकाळ १९ ते २१ दिवसांचा. म्हणून २१व्या दिवशी पिल्लं वेगळी केली नाहीत, तर त्याच पिंजऱ्यात दुसरी वीण येते आणि लहानगी तुडवली जातात.

वाणाच्या नावाचा रकाना मोकळा सोडू नये, यादीतूनच निवडायला लावावं. सी५७ब्लॅक६ या सर्रास वापरल्या जाणाऱ्या वाणाच्या एका उपवाणात अल्फा-सिन्यूक्लिन या मेंदूतल्या प्रथिनाचं जनुकच नाही, हे २००१ मध्ये उघड झालं. नुसतं 'ब्लॅक६' लिहिलेल्या नोंदीतून हा फरक कळणार नाही.

भारतात १९९८ च्या नियमांनुसार प्राण्यांची आवक आणि प्रयोग 'फॉर्म डी'मध्ये नोंदवावे लागतात. परदेशी सॉफ्टवेअरमधून तो निघतो का, हे विकत घेण्याआधी पाहावं. पिंजऱ्यांची कार्डं वाचणारा स्कॅनर ॲनिमल हाउसच्या आत, पिंजरे बदलतात त्याच टेबलाजवळ हवा. तो बाहेर राहिला तर नोंदी संध्याकाळी आठवून केल्या जातात, आणि दोन महिन्यांत पडद्यावरचे पिंजरे रॅकवरच्या पिंजऱ्यांशी जुळेनासे होतात.