‘साठचा बल्ब’ : वीजबचतीच्या इतिहासातला एक चिवट गोंधळ

खोलीतून बाहेर पडताना दिवा बंद करा, हे आता कुणाला सांगावे लागत नाही. पूर्वी अशी काटकसर लढाईच्या दिवसांत व्हायची आणि लढाई संपली की तीही संपायची. १९७३ साली खनिज तेलाचा भाव काही महिन्यांत जवळपास चौपट झाला, तेव्हा मात्र घराघरांत किती ऊर्जा वाया जाते याचा हिशेब सरकारांनी मांडायला घेतला. भिंतींतून निसटणारी उष्णता, फ्रिज, गीझर यांच्यासाठी एकेक करून नियम आले. अमेरिकेत आजचा फ्रिज त्या काळच्या फ्रिजपेक्षा मोठा असूनही निम्म्याहून कमी वीज खातो. त्याबद्दल कुणी फारशी कुरकुर केली नाही. भांडण झाले ते बल्बवरून.

याचे मूळ ‘वॅट’ या शब्दात आहे. वॅट म्हणजे दिवा किती वीज ओढतो. उजेड किती देतो ते ल्युमेन सांगते. पण तारेचा बल्ब पिढ्यान् पिढ्या एकाच तऱ्हेने जळत आला. वॅट जास्त म्हणजे उजेड जास्त, हे समीकरण इतकी वर्षे बरोबरच येत होते, त्यामुळे लोक खर्चाच्या मापाने उजेड मोजू लागले. ‘साठचा दे’, ‘शंभरचा लाव’. ‘झिरोचा बल्ब’ तर या गोंधळाचा कळस. त्याने शून्य वॅट कधीच घेतले नाहीत; रात्रभर १२ ते १५ वॅट खात तो निवांत जळायचा. खरे तर त्याच बल्बला हात लावला की खरा हिशेब कळायचा. फडक्याशिवाय तो काढता येत नसे, कारण विजेचा ९० टक्क्यांहून अधिक भाग उष्णतेत जायचा.

सप्टेंबर २००९मध्ये युरोपात १०० वॅटचे बल्ब बाजारातून काढायला सुरुवात झाली आणि २०१२पर्यंत लहान बल्बांचीही पाळी आली. ‘बल्बबंदी’ म्हणून हे गाजले, पण नियमात बल्बचे नाव घेऊन बंदी नव्हती. अमुक ल्युमेनसाठी जास्तीत जास्त तमुक वॅट, एवढीच अट होती आणि तारेचा बल्ब तिच्यात बसत नव्हता. लोकांनी बल्ब साठवून ठेवले. जर्मनीत एका विक्रेत्याने तेच बल्ब ‘छोटे हीटर’ म्हणून विकायला काढले, उजेड आपला असाच सोबत येतो म्हणे! माल शेवटी अडवला गेला. पण भौतिकशास्त्राच्या दृष्टीने तो चुकीचे काही बोलत नव्हता.

निर्णय योग्य होता, वेळ मात्र चुकली, असे माझे मत. तेव्हा बदली म्हणून हातात होता तो सीएफएल, म्हणजे वळवलेल्या छोट्या ट्यूबलाइटसारखा दिवा : लावल्यावर पूर्ण उजळायला वेळ घेणारा, आत थोडा पारा असलेला. त्यात खोक्यांवर ‘११ वॅट म्हणजे साठचा’ असे सर्रास छापलेले असायचे आणि उजेड तितका पडायचा नाही. नव्या दिव्यांवरचा लोकांचा विश्वास तिथे उडाला. पांढऱ्या एलईडीचा रस्ता मोकळा करणारा तेजस्वी निळा एलईडी जपानमध्ये १९९०च्या दशकाच्या सुरुवातीलाच तयार झाला होता. घरोघरी परवडायला मात्र आणखी वीसेक वर्षे गेली.

सप्टेंबर २०१०पासून युरोपात खोक्यावर ल्युमेनचा आकडा वॅटच्या निदान दुप्पट मोठ्या अक्षरात छापणे सक्तीचे झाले. टीव्ही-चार्जरच्या ‘स्टँडबाय’च्या, म्हणजे वापरात नसतानाही ते ओढत राहतात त्या विजेच्या, बाबतीत असला घोळ झाला नाही. १९९९मध्ये एक वॅटची मर्यादा सुचवली गेली, पुढे युरोपात ती बहुतेक उपकरणांसाठी अर्ध्या वॅटवर आली. तिथे वॅट हा शब्द आपल्या खऱ्या अर्थानेच वापरला गेला.

दिव्याच्या खोक्यावर मात्र आजही ८ वॅट, ८०६ ल्युमेन असे नीट लिहिलेले असते आणि त्याच्या शेजारी, सगळ्यांत ठळक अक्षरात : ‘६० वॅटच्या बरोबरीचा’.