रेघ किती चढते ते बघता, पण कापते कुठे?

सरळ रेषेचं समीकरण शाळेत सगळ्यांनीच घोकलेलं असतं, वाय = एमएक्स + सी, त्यातला एम म्हणजे चढ, ज्याला आपण सर्रास स्लोपच म्हणतो, आणि सी म्हणजे रेघ वाय अक्षाला जिथे कापते तो आंतरछेद, म्हणजे इंटरसेप्ट. चढाकडे सगळ्यांचं लक्ष जातं, बिचाऱ्या आंतरछेदाला मात्र कोणी विचारत नाही. माझ्या मते बऱ्याचदा खरी गंमत तिथेच असते.

सेल्सिअसचं फॅरनहाइट करायचं सूत्र घ्या. सेल्सिअसला ९/५ ने गुणायचं आणि ३२ मिळवायचे. ही सरळ रेघच आहे, चढ ९/५ आणि आंतरछेद ३२. काढायला कोष्टक वगैरे काही लागत नाही, उभ्या अक्षावर ३२ ला टिंब द्या, तिथून ५ घरं उजवीकडे, ९ घरं वर, दुसरं टिंब (५, ४१), पट्टी ठेवा आणि रेघ ओढा. दोन टिंबं पुरतात, पण तिसरं काढून बघावं, कारण चुकीच्या दोन टिंबांतूनही रेघ अगदी झकास सरळच जाते! १० सेल्सिअसला ५० यायला हवं, येतं. आडव्या अक्षाला ही रेघ साधारण उणे १७.८ ला कापते, म्हणजे शून्य फॅरनहाइट तिथे.

आता १० सेल्सिअस म्हणजे ५०, मग २० सेल्सिअस म्हणजे १०० का? नाही, ६८. चढ सगळीकडे तोच आहे, दर ५ ला ९, तरी एक दुप्पट झालं म्हणून दुसरं दुप्पट होत नाही, आणि हा सगळा त्या ३२ चा प्रताप. रेघ आरंभबिंदूतून, म्हणजे दोन्ही अक्ष मिळतात तिथून, जात असेल, म्हणजे आंतरछेद शून्य असेल, तरच दुपटीला दुप्पट हा हिशोब चालतो. सरळ रेघ दिसली की लोक लगेच 'सम प्रमाणात आहे' म्हणून मोकळे होतात, तिथेच घोळ होतो.

चढाबद्दलही एक गोष्ट, नुसत्या डोळ्यांनी बघून तो ठरवू नका. उभ्या अक्षाचं प्रमाण बदललं की तीच रेघ कड्यासारखी उभी दिसते नाहीतर जवळजवळ आडवी पडते, चढ मात्र आकड्यात तोच राहतो, वायमधला बदल भागिले एक्समधला बदल. खाली उतरणाऱ्या रेघेचा चढ ऋण, आडवीचा शून्य, आणि एकदम उभ्या रेघेचा चढ काढताच येत नाही कारण शून्याने भागावं लागतं.

आता वायूंकडे येऊ. दाब तोच ठेवून वायू तापवला की तो प्रसरण पावतो, १८०२ साली गे-ल्युसॅक या फ्रेंच शास्त्रज्ञाने दाखवलं की वेगवेगळे वायू जवळपास एकाच प्रमाणात पसरतात, आजच्या आकड्यात सांगायचं तर दर डिग्रीला शून्य सेल्सिअसच्या आकारमानाच्या सुमारे २७३ व्या भागाइतके. तापमान आडव्या अक्षावर आणि आकारमान उभ्या अक्षावर घेऊन आलेख काढा. वायू जास्त घेतला तर आंतरछेद वर जातो, चढही वाढतो, दोन्ही बदलतात, पण सगळ्या रेघा डावीकडे मागे नेल्या तर आडव्या अक्षावर एकाच जागी येऊन मिळतात, उणे २७३ सेल्सिअसच्या आसपास. तिथपर्यंत खरा वायू नेता येत नाही, तो आधीच द्रव होतो, त्यामुळे रेघेचा तो भाग फक्त कागदावरचा. तरीपण आकारमान शून्याच्या खाली जाऊ शकत नाही, म्हणजे थंडीला काहीतरी तळ असणार हा अंदाज अशा रेघांवरूनच येतो. १८४८ मध्ये विल्यम थॉमसनने, जो पुढे लॉर्ड केल्विन झाला, निरपेक्ष, म्हणजे कुठल्याही विशिष्ट पदार्थावर अवलंबून नसलेल्या, तापमानाची कल्पना मांडली. आज आपण केल्विनमध्ये मोजतो तेव्हा शून्यच उचलून त्या उणे २७३ च्या बिंदूवर नेऊन ठेवलेला असतो, म्हणून आदर्श वायूची, म्हणजे कधीच द्रव न होणाऱ्या कल्पनेतल्या वायूची, रेघ आरंभबिंदूतून जाते आणि दुपटीचा हिशोब चालायला लागतो.

याच्या बरोबर उलट प्रकार मिलिकन या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाच्या प्रयोगात. प्रकाश पडल्यावर धातूतून इलेक्ट्रॉन निघतात, त्यांना थोपवायला लागणारं व्होल्टेज उभ्या अक्षावर आणि प्रकाशाची वारंवारता आडव्या अक्षावर घेतली तर सरळ रेघ यायला हवी, असं आइन्स्टाइनच्या १९०५ च्या मांडणीतून निघत होतं. मिलिकनला ती मांडणी अजिबात पटलेली नव्हती, तरी त्याने वर्षानुवर्षं घासून मोजमापं केली, १९१६ साली छापली, आणि रेघ आली सरळच. सोडियम घ्या नाहीतर लिथियम, चढ तोच, त्यामुळे रेघा समांतर. त्या चढाला इलेक्ट्रॉनच्या प्रभाराने (विद्युतभाराने) गुणलं की प्लँकचा स्थिरांक मिळतो, म्हणजे प्रकाशाची वारंवारता आणि ऊर्जा यांना जोडणारा ठरलेला आकडा, मिलिकनचा आकडा आजच्या किमतीपासून जेमतेम एक टक्का लांब होता. धातूप्रमाणे बदलतो तो फक्त आंतरछेद, आणि उपकरणातल्या दोन धातूंमुळे येणारा व्होल्टेजचा फरक काढून टाकला की त्यावरून कळतं त्या धातूतून इलेक्ट्रॉन बाहेर काढायला कमीत कमी किती ऊर्जा लागते ते.