स्टीलचा दाणा बारीक म्हणून गंज कमी? तसं सरळ नाहीये ते

जुना जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पत्रा उन्हात तिरका धरला की त्यावर फुलं फुलं दिसतात ना, ते जस्ताचे दाणे. स्टीलच्या आत पण असेच दाणे असतात, ग्रेन म्हणतात त्यांना, फक्त बहुतेक वेळा ते 10 ते 50 मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), त्यामुळे नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. बघायचेच असतील तर तुकडा चकाचक पॉलिश करायचा, अल्कोहोलमध्ये 2-4 टक्के नायट्रिक ॲसिड टाकून ते काही सेकंद लावायचं आणि मायक्रोस्कोपखाली धरायचा, जाळी दिसते. आणि ती दिसते कशामुळं, तर ॲसिडनं तिथंच जास्त खाल्लेलं असतं!

एका दाण्यातले अणू एका दिशेच्या ओळीत, शेजारच्यात ओळी दुसरीकडं, आणि मध्ये जो बांध राहतो तिथले अणू धड कुणाच्याच ओळीत नसतात, म्हणून ते रिॲक्शनला पटकन तयार होतात. दाणा जेवढा बारीक तेवढे बांध जास्त. त्यानं स्टीलची ताकद वाढते हे हॉल आणि पेच या शास्त्रज्ञांनी 1951-53 मध्येच दाखवलं होतं, मग गंजपण वाढायला पाहिजे की नाही?

तर ते स्टील कशात बुडालंय त्यावर आहे. आपल्याकडं साखर कारखाने काय कमी नाहीत, तिथं इव्हॅपोरेटरच्या नळ्यांमधली खपली काढायला हायड्रोक्लोरिक ॲसिड फिरवतात. असल्या ॲसिडमध्ये स्टीलवर गंज रोखणारा कुठला थर टिकतच नाही, म्हणजे बारीक दाणा तोट्याचाच (नळी खाऊ नये म्हणून त्यात इनहिबिटर घालतात ते वेगळं). पण तेच स्टील सळई होऊन काँक्रीटमध्ये गेलं की पीएच 12.5 च्या वर, म्हणजे ॲसिडच्या अगदी उलट, तिथं ऑक्साइडचा काही नॅनोमीटरचा थर बसतो आणि बांध जास्त असले तर तो लवकर आणि सलग बसतो. 2010 मध्ये राल्स्टन आणि बिरबिलिस या संशोधकांनी जुने प्रयोग एकत्र मांडून बघितले, त्यातही साधारण हेच निघालं.

फक्त बांधकामाला बोअरचं खारट पाणी वापरलंत तर हा सगळा हिशोब गेला, मिठातलं क्लोराइड तो थरच फोडतं. सळईच्या काँक्रीटच्या पाण्यात लिटरला 500 मिलिग्रॅमच्या वर क्लोराइड नको असं आयएस 456, म्हणजे काँक्रीटचं भारतीय मानक, सांगतं, आणि खरं सांगायचं तर घर बांधणाऱ्यानं दाण्यापेक्षा आधी हे बघावं.

स्टेनलेसमध्ये बांधाचा त्रास अजून वेगळा. चादरी-टॉवेलचं सूत रंगवायच्या टाक्या बऱ्याचदा 304 या ग्रेडच्या स्टेनलेसच्या असतात, त्यात रंगाबरोबर मीठ असतंच. वेल्डिंग करताना जो भाग 450 ते 850 डिग्री सेल्सिअसमध्ये जास्त वेळ राहतो तिथं कार्बन बांधावर जाऊन क्रोमियम (ज्याच्यामुळं स्टेनलेस गंजत नाही ते) पकडतो, बांधाला लागून क्रोमियम 12 टक्क्यांच्या खाली जातं आणि मग गंजाची रेघ उमटते, ती वेल्डवर नाही तर वेल्डच्या बाजूला काही मिलिमीटरवर. जाड पत्र्याची टाकी वेल्ड करून घ्यायची असेल तर 304एल मागायचं, त्यात कार्बन 0.03 टक्क्यांच्या वर नसतो.