मोटार अपघात नुकसानभरपाई दावा

भारतात रस्ते अपघातात जखमी झालेल्या व्यक्तीने किंवा मृताच्या वारसांनी वाहनाचा चालक, मालक आणि विमा कंपनी यांच्याकडून भरपाई मिळवण्यासाठी केलेला अर्ज. मोटार वाहन अधिनियम, १९८८ हा त्याचा आधार असून तो मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे चालतो. अधिनियमातील विम्याचे प्रकरण २०१९ च्या दुरुस्तीने बदलले आणि नव्या तरतुदी १ एप्रिल २०२२ पासून लागू झाल्या. त्यामुळे जुन्या निकालांत वारंवार येणारी, चूक सिद्ध न करता भरपाई देणारी कलम १४० आणि १६३-अ ही आता कायद्यात त्या रूपात नाहीत. जुना निकाल वाचताना अपघाताची तारीख आधी पाहावी.

दावा करणारा तो अर्जदार. चालक, मालक आणि विमा कंपनी हे जाबदार. अपघात जिथे झाला तिथेच अर्ज करावा लागतो असे नाही. अर्जदार जिथे राहतो किंवा व्यवसाय करतो, तिथल्या न्यायाधिकरणातही तो चालतो. कलम १६६ नुसार अर्ज अपघातापासून सहा महिन्यांत करायचा आहे. या मुदतीच्या घटनात्मक वैधतेला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, पण त्या भरवशावर कोणी थांबू नये.

पोलिसांनी चालकावर नोंदवलेला गुन्हा आणि भरपाईचा दावा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फौजदारी खटल्यात गुन्हा निःसंशय सिद्ध व्हावा लागतो. न्यायाधिकरणापुढे चालकाचा निष्काळजीपणा अधिक संभाव्य दिसला तरी पुरते. चालक निर्दोष सुटला म्हणून दावा आपोआप बुडत नाही. मात्र प्रथम खबर, घटनास्थळाचा पंचनामा आणि वाहन तपासणीचा अहवाल हीच कागदपत्रे दोन्हीकडे वापरली जातात, म्हणून त्यांच्या प्रती सुरुवातीलाच मिळवाव्यात.

जखमी व्यक्तीचीही काही चूक असेल तर तो सहयोगी निष्काळजीपणा ठरतो आणि तिच्या वाट्याइतकी रक्कम कापली जाते. दोन वाहने एकमेकांवर आदळली आणि त्यात तिसराच जखमी झाला, तर तो संयुक्त निष्काळजीपणा. यात कपात होत नाही. जखमी व्यक्ती दोघांपैकी कोणाही एकाकडून पूर्ण रक्कम मागू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने खेन्येई प्रकरणात (२०१५) स्पष्ट केले. या दोन संज्ञांची गल्लत झाली की नुकसान जखमीचेच होते. रिक्षातल्या प्रवाशाची काहीच चूक नसताना रिक्षाचालकाच्या चुकीपोटी त्याची रक्कम कापण्याचा युक्तिवाद त्यातूनच पुढे येतो.

सर्वांत जास्त गैरसमज ‘तृतीय पक्ष’ या संज्ञेभोवती आहेत. विम्याच्या करारात मालक हा पहिला पक्ष, कंपनी दुसरा. वाहनामुळे ज्याला इजा झाली तो तिसरा. कलम १४६ प्रमाणे या तिसऱ्यासाठीचा विमा सक्तीचा आहे. रस्त्यावरचा पादचारी किंवा समोरच्या वाहनातला माणूस यात निर्विवाद बसतो. पण केवळ कायद्यापुरती, म्हणजे ‘अॅक्ट ओन्ली’ पॉलिसी असेल तर खासगी मोटारीत फुकट बसलेला पाहुणा किंवा दुचाकीवर मागे बसलेला मित्र यांना त्याच वाहनाच्या कंपनीकडून संरक्षण मिळत नाही. ते पॅकेज, म्हणजे सर्वसमावेशक पॉलिसीत मिळते. मालवाहू टेम्पोच्या हौद्यात बसून निघालेल्या वऱ्हाडाची स्थिती याहून बिकट असते. मालासोबत चाललेला मालाचा धनी सोडला, तर अशा प्रवाशांची जबाबदारी कंपनीवर येत नाही. विमा असूनही घरातले माणूस उघड्यावर पडते ते इथे. स्वतः गाडी चालवणाऱ्या मालकासाठी १५ लाख रुपयांचे वैयक्तिक अपघात संरक्षण निराळे असते.

चालकाकडे वैध परवाना नव्हता, असा बचाव कंपन्या नेहमी घेतात. स्वर्णसिंग प्रकरणात (२००४) सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की केवळ परवाना नसणे किंवा तो बनावट निघणे पुरेसे नाही. मालकाने जाणूनबुजून हयगय केली हे कंपनीने सिद्ध करायला हवे. अटीचा भंग सिद्ध झाला तरी न्यायाधिकरण कंपनीला आधी अर्जदाराची रक्कम भरायला आणि मग ती मालकाकडून वसूल करायला सांगू शकते. वकील याला ‘पे अँड रिकव्हर’ म्हणतात.

इजेच्या भरपाईत दोन प्रकारच्या बाबी मोडतात. औषधोपचार, प्रवास, सकस आहार, सोबतीला ठेवलेला माणूस, बुडालेली कमाई आणि पुढील शस्त्रक्रिया यांचा हिशोब करता येतो. वेदना आणि जगण्यातल्या सुखांना मुकणे यांची रक्कम न्यायाधिकरण अंदाजाने ठरवते. पण मोठ्या दाव्याचा आकडा मुख्यतः ठरतो तो ‘कार्यात्मक अपंगत्वा’वर, म्हणजे इजेमुळे कमाईची क्षमता किती घटली यावर. सरकारी रुग्णालयाच्या दाखल्यावरील टक्के शरीराचे असतात, कमाईचे नव्हेत. राजकुमार विरुद्ध अजयकुमार (२०१०) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हा फरक उदाहरणाने दाखवला: डावा हात गमावलेल्या सुताराचा किंवा चालकाचा रोजगारच संपतो, तर कारकून नोकरीत टिकू शकतो.

समजा, ३० वर्षांचा सुतार महिन्याला २०,००० रुपये मिळवतो. स्वयंरोजगारी आणि चाळिशीच्या आत असल्याने प्रणय सेठी निकालाप्रमाणे (२०१७) भावी वाढीचे ४० टक्के मिळवून मासिक उत्पन्न २८,००० रुपये, म्हणजे वर्षाला ३,३६,००० रुपये धरले जाते. सरला वर्मा निकालातील (२००९) तक्त्यात २६ ते ३० वयासाठी गुणक, म्हणजे वार्षिक उत्पन्नाला ज्याने गुणायचे तो आकडा, १७ आहे; गुणाकार ५७,१२,००० रुपये. दाखल्यावर ४० टक्के अपंगत्व असेल आणि तेवढेच धरले तर कमाईच्या नुकसानीपोटी २२,८४,८०० रुपये मिळतात. कार्यात्मक अपंगत्व ७० टक्के सिद्ध झाले, तर ३९,९८,४०० रुपये. दाखला देणाऱ्या डॉक्टरची साक्ष आणि कामाचे नेमके स्वरूप सांगणारा पुरावा नसेल, तर हा फरक हातचा जातो. अशा साक्षीकडे होणारे दुर्लक्ष ही या दाव्यांतली सर्वांत महागडी चूक आहे.

मृत्यूच्या दाव्यात हाच गुणक वापरतात, पण मृताचा स्वतःवरचा खर्च वजा होतो: अविवाहिताचा सहसा निम्मा, दोन-तीन अवलंबित असलेल्या विवाहिताचा एक तृतीयांश. त्यात जोडीदार, आई-वडील किंवा अपत्य यांच्या सहवासाला मुकल्याची ठरावीक रक्कम मिळवतात.

चूक कोणाची हे सिद्ध न करताही कलम १६४ खाली मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मिळतात. मात्र कलम १४९ खाली विमा कंपनीशी तडजोड करून ही रक्कम स्वीकारली, की कलम १६६ चा दावा संपुष्टात येतो. कंपनीचा अधिकारी प्रस्ताव घेऊन येतो तेव्हा सही करण्यापूर्वी वरच्यासारखा हिशोब करून पाहणे अत्यावश्यक आहे. धडक देऊन पळालेले वाहन सापडलेच नाही, तर मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५०,००० रुपयांची शासकीय योजना आहे.

न्यायाधिकरणाच्या निर्णयाला निवाडा म्हणतात. त्यातील रकमेवर अर्जाच्या तारखेपासून साधे व्याज देता येते. निवाड्याविरुद्ध ९० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येते. वादातील रक्कम एक लाख रुपयांपेक्षा कमी असेल तर अपील नाही. भरपाई देणे असलेल्याने अपील केल्यास त्याला आधी २५,००० रुपये किंवा निवाड्याच्या निम्मी रक्कम, यांपैकी जी कमी ती, जमा करावी लागते.